शेजारच्या खुर्चीवरच्या आजी

त्या दिवशी नाव नोंदवलं होतं ते आजोबांचं. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झालेली, चष्म्याचा नंबर तेवढा तपासायचा होता. दोन्ही डोळ्यांची नजर 6/9, म्हणजे चांगल्या डोळ्याला 9 मीटरवरून दिसणारं अक्षर त्यांना 6 मीटरवरून दिसत होतं. आजी सोबत म्हणून शेजारी कपाळ दाबत बसल्या होत्या. उजवा डोळा लालभडक. विचारलं तर म्हणाल्या, "दोन दिवस डोकं ठणकतंय, उलट्याही झाल्या. माझं राहू द्या, यांचं बघा आधी."

उजव्या डोळ्यापुढे हात हलवलेला तेवढा कळत होता, बोटं मोजता येत नव्हती. मोतीबिंदू पिकून भिंग इतकं फुगलं होतं की त्याने बाहुलीभोवतीच्या रंगीत चकतीला, आयरिसला, पुढे ढकललं होतं, आणि डोळ्यातलं पाणी बाहेर जायचा कोपराच बंद झाला होता. डोळ्यातला दाब 44 मिमी पारा. साधारण डोळ्यात तो 10 ते 21 च्या दरम्यान असतो.

आजोबांची जुनी फाइल काढली. दोन्ही संमतिपत्रांवर सोबतच्या नातेवाइकाची सही आजींचीच. पहिली ओळीवर, दुसरी ओळ सोडून खाली घसरलेली. शस्त्रक्रिया, ड्रॉप्स, फेरतपासणी, प्रत्येक वेळी त्या आल्या होत्या. त्यांना तक्त्यासमोर कोणी बसवलंच नव्हतं.

अशा डोळ्यात थेट शस्त्रक्रियेला हात घालत नाहीत, आधी दाब उतरवावा लागतो. मूत्रपिंड, हृदय आणि सल्फाची ॲलर्जी विचारून टिमोलॉलचे ड्रॉप्स, ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या आणि शिरेतून 20 टक्के मॅनिटॉल, वजनाच्या दर किलोला 1 ते 2 ग्रॅम. मोतीबिंदूआड डोळ्याचा मागचा पडदा दिसत नसल्याने बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी. बसवायच्या कृत्रिम भिंगाचा नंबर काढताना प्रकाशावर चालणारं यंत्र इतक्या दाट मोतीबिंदूतून मोजमाप घेऊ शकत नाही, अल्ट्रासाउंडचा प्रोब लावावा लागतो. तो जरा दाबला गेला की डोळ्याची लांबी कमी भरते, आणि 1 मिलिमीटरच्या चुकीने नंबर अडीच-तीनने चुकतो. पांढऱ्या मोतीबिंदूवरचं भिंगाचं पारदर्शक आवरण दिसावं म्हणून ते ट्रायपॅन ब्लू या निळ्या रंगाने रंगवलं, तरी आतल्या दाबाने ते कडेपर्यंत फाटण्याची धास्ती होतीच.

शस्त्रक्रिया नीट झाली. नजर आली 6/36. दाबाने डोळ्यामागची नस आधीच दुखावली होती, आणि त्यात गेलेली नजर परत आणता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अहवालानुसार जगात किमान 2.2 अब्ज लोकांना दृष्टिदोष आहे. त्यातल्या किमान 1 अब्ज लोकांचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर अजून उपचार व्हायचे आहेत. या सगळ्यात स्त्रिया पुरुषांहून अधिक आहेत. त्या जास्त जगतात हे एक कारण, पण शस्त्रक्रियेपर्यंत कमी पोचतात हेही तितकंच खरं. शस्त्रक्रिया मोफत असली तरी सोबत कोण येणार, त्याची मजुरी बुडणार का, परत कसं जायचं, हे प्रश्न सुटत नाहीत. शस्त्रक्रिया सांगूनही न आलेल्या बायकांसाठी आमच्या वहीत 'आल्या नाहीत' एवढाच रकाना होता. त्यात वय, अंतर, अपंगत्व, सोबतीची अडचण, काहीच दिसत नव्हतं.

आता चाळिशीपुढची सोबत आलेली प्रत्येक व्यक्ती आम्ही तपासतो. 6 मीटरवरून, एकेक डोळा, दुसरा तळहाताने झाकून. बोटांनी झाकला तर फटीतून दिसतं, आणि दोन्ही डोळ्यांनी एकदम वाचून घेतलं तर आंधळा डोळा चांगल्याआड लपतो. अक्षरओळख नसेल तर दिशा दाखवायचा 'ई' तक्ता. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला 'समजत नाही' म्हणून परत पाठवलं जातं, म्हणून आधी हाताने खुणा करून दाखवायच्या. कमी दिसलं की पिनहोल, म्हणजे बारीक भोकातून बघायला लावायचं. त्यातून सुधारलं तर बहुतेकदा चष्म्याचं काम, नाही सुधारलं तर बाहुली मोठी करून आतली तपासणी. सगळं मिळून तीन-चार मिनिटं लागतात.

आजींचा डावा डोळा 6/60 होता, पिनहोलने फरक नाही, पण दाब ठीक आणि बाहुली प्रकाशाला चांगली आकसत होती. महिन्याभराने त्याचीही शस्त्रक्रिया झाली. या वेळी सोबतीच्या ओळीत सही आजोबांनी केली, आणि ड्रॉप्सचं वेळापत्रक आम्ही त्यांना दोनदा म्हणून दाखवायला लावलं.