दोन अक्षरांचा नियम: जत्रेतील नाटकांच्या सूचीची प्रगती

फोंडा तालुक्यातील जत्रांत होणाऱ्या मराठी नाटकांची सूची मी सुट्टीच्या दिवशी जावा या प्रोग्रामिंग भाषेत आणि जेएसपीत (जावातून वेबपाने बनवण्याच्या पद्धतीत) बांधत आहे. तिचे दोन शनिवार अडलेले काम आता सुटले आहे. अर्ज जतन केल्यावर नाटकाचे नाव आणि तारीख नीट साठत असे. गावाच्या रकान्यात ‘बोरी’ लिहिले तरी तो मात्र रिकामाच राही, आणि ही पाने चालवणाऱ्या टॉमकॅट सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याबद्दल एक ओळही उमटत नसे.

गावासाठी मी ‘जीनाव’ असा गुणधर्म (मूल्य साठवण्याची नाव दिलेली जागा) ठेवला होता: ‘जी’ स्मॉल, ‘नाव’चा ‘एन’ कॅपिटल. गेटर आणि सेटर, म्हणजे गुणधर्म वाचणारी व भरणारी ‘गेट’ आणि ‘सेट’ने सुरू होणारी फंक्शने, लिहिताना सवयीप्रमाणे ‘जी’ही कॅपिटल केला. त्यांवरून उलट दिशेने गुणधर्माचे नाव ओळखताना जावा केवळ पहिले अक्षर स्मॉल करते, अशी माझी समजूत होती. १९९७ च्या जावाबीन्स स्पेसिफिकेशनमधील (अशा गुणधर्मांचे नियम सांगणाऱ्या दस्तऐवजातील) ८.८ या भागातला नियम मात्र दोन अक्षरे पाहतो: ‘गेट’ किंवा ‘सेट’ काढून उरलेल्या नावाची पहिली दोन्ही अक्षरे कॅपिटल असली, तर त्या नावाला हात लावायचा नाही. ‘यूआरएल’सारखी सगळी कॅपिटल नावे जशीच्या तशी राहावीत म्हणून केलेली ही सोय मला योग्यच वाटते. इंट्रोस्पेक्टर या गुणधर्म ओळखणाऱ्या जावाच्या साधनाकडून गुणधर्मांची यादी छापून घेतली, तेव्हा माझा गुणधर्म तिथे कॅपिटल ‘जी’नेच सुरू झालेला दिसला. देवनागरीत हा भेदच नसल्यामुळे नाव मनात उच्चारून चूक सापडत नाही, ती डोळ्यांनीच शोधावी लागते.

अर्जातली मूल्ये गुणधर्मांत भरणाऱ्या जेएसपीच्या सेटप्रॉपर्टी या आज्ञेला तारांकन (म्हणजे ‘सगळी मूल्ये भर’) दिले की जुळणारा गुणधर्म न सापडलेले मूल्य ती निमूटपणे सोडून देते. तेच नाव एक्स्प्रेशन लँग्वेज या जेएसपीतल्या मूल्ये वाचण्याच्या छोट्या भाषेतून वाचले, तेव्हा गुणधर्म न सापडल्याचा अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे त्रुटी) लगेच समोर आला. जावातली माहिती जेसन या मजकूर-स्वरूपात उतरवणारी जॅक्सन ही लायब्ररी तर मूळ मांडणीत सुरुवातीची सगळी कॅपिटल अक्षरे स्मॉल करते, म्हणून त्याच गेटरमधून जेसनमध्ये तिसरेच नाव उतरले.

‘गेट’नंतर स्मॉल ‘जी’ ठेवूनही हे जुळले असते, पण मी गुणधर्माचेच नाव ‘गावनाव’ केले. पहिली दोन्ही अक्षरे स्मॉल असल्यामुळे नेहमीचे गेटर-सेटर चालतात, आणि ‘बोरी’ आता साठते.

पुढच्या शनिवारी ‘प्रयोग झाला का’ हा रकाना घेणार आहे. उत्तर अज्ञातही असू शकते म्हणून तिथे मोठ्या ‘बी’चा बूलियन (रिकामाही राहू शकणारा हो-नाही प्रकार) हवा, आणि त्याच्यासाठी ‘इज’ने सुरू होणारा गेटर इंट्रोस्पेक्टर ओळखत नाही; म्हणून तो ‘गेट’नेच लिहायचा आहे.