आमची वाटचाल: आधी ब्लॉक वाचायचा, मग बोअर मारायचा

आमचं वर्कशॉप बाहेरून बघितलं तर भोसरी एमआयडीसीतली चार शेडमधली एक शेड, पाटी पण धड दिसत नाही. आत उभं बोअरिंग मशिन, होनिंग, क्रँक ग्राइंडर, हेड फेसिंग, आणि मागच्या बाजूला तेलकट भाग धुवायची कॉस्टिकची टाकी. काम इंजिन रीकंडिशनिंगचं. पण हल्ली लांबून जे लोक येतात ते बोअर मारायला, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून मोठे करून घ्यायला, येतच नाहीत, ते येतात हे विचारायला की दादा हे इंजिन नक्की कशाचं आहे आणि कधीचं आहे. आता हाच आमच्या धंद्याचा चांगला हिस्सा झालाय, तो कसा झाला ते कधीतरी लिहायचं होतं.

सुरुवात अण्णांनी केली, म्हणजे माझ्या वडिलांनी, नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांच्या मागे भाड्याच्या गाळ्यात. जागा एवढी की एक सहा सिलिंडरचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, आत घेतला की दुसरा बाहेर फुटपाथवर. गिऱ्हाईक सगळे ट्रकवाले. तेव्हा रस्त्यावर मुख्य तीन घराणी होती, एक टेल्को (आताची टाटा मोटर्स), 1954 ला डायमलर बेंझशी करार करून 1969 पर्यंत ज्यांनी टाटा-मर्सिडीज नावाने ट्रक काढले ते, दुसरी प्रीमियरची डॉज आणि फार्गो, आणि तिसरी हिंदुस्थान मोटर्सची बेडफोर्ड. त्याशिवाय युद्धानंतर मिलिटरीच्या लिलावातून सुटलेल्या शेवरोले, फोर्ड, जीएमसी, त्या पण साखर कारखान्याकडं आणि खडीच्या खाणींवर चालूच होत्या.

आता गंमत अशी की गाडी फार्गो म्हणून इंजिन फार्गोचंच असेल याची काही गॅरंटी नसायची. पेट्रोल परवडेना म्हणून मूळ इंजिन काढून पर्किन्स डिझेल बसवलेलं, ते गेलं की जुन्या बाजारातनं दुसरं आणून टाकलेलं, मालक तीनदा बदललेला, आणि आणून देणारा ड्रायव्हर म्हणणार "साहेब कंपनीचंच आहे". त्याच्यावर विसंबून पिस्टन मागवले की पैसे बुडालेच. तेव्हा पिस्टन सेटचे पैसे म्हणजे चेष्टा नव्हती, त्यामुळे अण्णांचा नियम होता, ब्लॉक आला की आधी टाकीत, मग खडू, आणि खडू झाल्याशिवाय मशिनला हात नाही लावायचा.

खडूचं सांगतो कारण अजून आम्ही तेच करतो. ब्लॉकवर दोन जातीचे नंबर असतात आणि निम्म्या लोकांना यातला फरकच माहीत नसतो. एक कास्टिंगचा, तो उठावदार, ओतकाम होतानाच आलेला. दुसरा पंच मारलेला, खोलगट, इंजिन तयार झाल्यावर सपाट केलेल्या जागेवर ठोकलेला, आरसी बुकात लिहिलेला असतो तो हा दुसरा. उठावदार नंबरावर खडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवायचा, आकडे पांढरे होतात आणि मागचं लोखंड काळं राहतं. पंचच्या नंबराला उलटं, खडू दाबून भरायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचा, मग आकड्यांच्या आत पांढरं उरतं. आणि उजेड समोरून नाही, बॅटरी आडवी धरायची, ब्लॉकला जवळजवळ चिकटवून. समोरून 3 आणि 8 सारखेच दिसतात, आडव्या उजेडात 3 ची उघडी बाजू लगेच कळते.

भोसरीला आल्यावर आमच्या शेजारी एक छोटी फाउंड्री होती, तिथल्या पॅटर्न बनवणाऱ्या काकांकडून मी जे शिकलो ते अण्णांनाही माहीत नव्हतं. कास्टिंग नंबर पॅटर्नवरच, म्हणजे ज्याच्यावरून साचा बनतो त्या नमुन्यावरच, पक्का बसवलेला असतो त्यामुळे तो वर्षानुवर्षं तोच राहतो. तारखेच्या मात्र छोट्या पट्ट्या असतात, त्या बदलत राहायच्या, स्क्रूने लावलेल्या. म्हणून जुन्या ब्लॉकवर तारखेचे आकडे बरेचदा किंचित तिरके, थोडे वेगळ्या वळणाचे दिसतात आणि शेजारी स्क्रूच्या डोक्याचा ठसा पण उमटलेला असतो, खाच सुद्धा दिसते. हे एकदा डोळ्याला कळलं ना की कुठला आकडा नंबराचा आणि कुठला तारखेचा यात गोंधळ होत नाही. काही ब्लॉकवर तारखेच्या ऐवजी गोल घड्याळासारखी खूण असते, कडेला महिने, मध्ये वर्ष आणि बाण किंवा टिंबं.

अजून एक, कास्टिंग नंबर म्हणजे पार्ट नंबर नाही. एकाच ओतीव ब्लॉकला वेगवेगळं मशिनिंग करून कंपन्या दोन तीन प्रकारची इंजिनं काढायच्या. म्हणजे कास्टिंग नंबर तुम्हाला घराणं सांगतो, घरातला नेमका माणूस सांगत नाही. त्याला मोजमापच लागतं.

टाटाचं उदाहरण घ्या. मर्सिडीजचं ओएम 312, त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 90 एमएम आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वरखाली प्रवास, 120. पुढं टाटाचं 692 आलं, बोअर 92, स्ट्रोक तोच 120. आमच्याकडं पोरांना शिकवताना सांगतो, 692 म्हणजे सहा सिलिंडर आणि 92 चा बोअर, 697 म्हणजे सहा आणि 97, 497 म्हणजे चार आणि 97. पण 697 चा स्ट्रोक 128 आहे, ते विसरायचं नाही. पर्किन्सची पद्धत वेगळी, 6.354 म्हणजे सहा सिलिंडर आणि पुढचे 354 क्युबिक इंच, बोअर नाही. त्याच्या आधीचं पी6 हे तर नुसतं अक्षर आणि सिलिंडर. टाटावर हात बसलेला मेकॅनिक पर्किन्सचा आकडा त्याच हिशोबाने वाचायला गेला की झालाच घोळ.

मधला काळ फार वाईट नव्हता पण चांगलाही नव्हता. भोसरीची शेड घेतली, कर्ज काढून क्रँक ग्राइंडर घेतला, टेम्पो आणि ट्रॅक्टरच्या कामावर दिवस निघाले. मग गाड्या बदलल्या, इंजिनं जास्त टिकायला लागली, कंपन्यांकडूनच तयार इंजिन बदलून मिळायला लागलं आणि बोअर मारायला येणारा माल दरवर्षी कमी होत गेला. आमच्या ओळीतल्या दोघांनी मशिनं विकली. आमचं पण तेच झालं असतं खरं, पण कुणीतरी एका जुन्या जीपवाल्याला आमचा पत्ता दिला, त्याने दुसऱ्याला दिला, आणि हळूहळू जुन्या ट्रकवाल्या हौशी लोकांची रांग लागली. यातले बरेचसे आयटीवाले आहेत बरं का, आजोबांचा ट्रक शेतावर गंजत पडलेला असतो आणि ह्यांना तो परत चालू करायचा असतो. पैसे वेळेवर देतात, प्रश्न फार विचारतात.

त्यातलं एक काम सविस्तर सांगण्यासारखं आहे. शेवरोलेचा लॉरीचा ब्लॉक आला, क्रँक आणि पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडसकट. मालकाच्या घरी परंपरेने चालत आलेली गोष्ट अशी की लॉरी युद्धातली, 1944 ची, आणि इंजिन कधीच बदललेलं नाही. टाकीतून काढला, खडू मारला, तर तारीख दिसली डी 12 4. शेवरोलेमध्ये पहिलं अक्षर महिना, ए म्हणजे जानेवारी तर डी म्हणजे एप्रिल, मग दिवस, आणि शेवटी वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. मालक एकदम खूष, चार म्हणजे चव्वेचाळीसच! पण चौपन्न पण असू शकतं ना, एका आकड्याने दशक कळत नाही, आणि ह्या एका गोष्टीवरून जुन्या गाड्यांच्या बाजारात किती चुकीचे सौदे होतात विचारू नका.

मग मापं घेतली. युद्धाच्या काळात सगळीकडे दिसणारं शेवरोलेचं इंजिन म्हणजे 216 क्युबिक इंचाचं, त्याचा बोअर साडेतीन इंच म्हणजे 88.9 एमएम. आमचा गेज दाखवत होता साडेनव्वदच्या आसपास. आता इथं खरी मेख आहे, 216 ला साठ थाऊ (इंचाचे साठ हजारांश) मोठा बोअर मारला तर तो 90.42 होतो, आणि त्याचं मोठं भावंड 235, त्याचा कंपनीतून आलेला बोअरच 90.49. सात शतांश एमएमचा फरक, झिजलेल्या सिलिंडरमध्ये तो कोण सांगणार? कॅटलॉग उघडून "216, साठ ओव्हरसाइज" म्हणून पिस्टन मागवले असते तर कुणालाच वावगं वाटलं नसतं. क्रँकने उत्तर दिलं, कारण स्ट्रोक क्रँकवरून ठरतो. 216 चा स्ट्रोक पावणेचार इंच, 95.25 एमएम, आणि ह्या क्रँकचा बरोब्बर 100 भरला, जो 235 चा असतो.

म्हणजे 235 नक्की. पण 235 सुद्धा 1941 पासून मोठ्या ट्रकला येत होतंच, त्यामुळे वर्षाचा प्रश्न तसाच. तेव्हा रॉड बघितले. त्या काळच्या शेवरोलेच्या रॉडला खाली छोटी पळी असते, ती चेंबरमधलं ऑइल उडवते आणि बेअरिंगला तेवढ्यावरच भागवावं लागतं, आणि बेअरिंग म्हणजे रॉडमध्येच ओतलेलं व्हाईट मेटल, एक मऊ धातू. आमच्या रॉडना पळी नव्हती, आत सुटे शेल, म्हणजे काढून बदलता येणाऱ्या बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या, होते, आणि क्रँकच्या पिनपर्यंत ऑइलची भोकं पाडलेली होती. पूर्ण प्रेशरचं ऑइलिंग शेवरोलेने 1953 ला आधी फक्त ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांना दिलं आणि ट्रकला 1954 पासून. म्हणजे एप्रिल 1954, विषय संपला. त्याच 1954 मध्ये जनरल मोटर्सनी मुंबईतलं शिवडीचं काम, जे 1928 पासून चालू होतं, ते गुंडाळलं. लॉरी 1944 ची असेलही, चासी मी बघितलेली नाही, पण हे इंजिन तिच्यात नंतर आलेलं.

मालकाचा चेहरा पडला, दोन दिवस फोन नाही. मग त्यांच्या काकांनी सांगितलं म्हणे की आजोबांनी एकदा मुंबईहून इंजिन आणलं होतं. काम आमच्याकडंच केलं त्यांनी, आणि माझ्या मते चांगलं इंजिन मिळालं त्यांना, प्रेशर ऑइलिंगचं 235 रोज चालवायला 216 पेक्षा कितीतरी सुखाचं. व्हाईट मेटल ओतून हाताने बेअरिंग बसवणारी माणसं आता पुण्यात शोधावी लागतात, शेल निदान मागवता तरी येतात.

2021 ला केंद्राचे जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम आले तेव्हापासून चौकशी आणखी वाढलीय. 50 वर्षांपेक्षा जुनी गाडी, मूळ रूपात असलेली, धंद्याला न लावता हौसेसाठी, मग नंबरात व्हीए अक्षरं मिळतात, नवीन नोंदणीला 20 हजार फी, 10 वर्षांसाठी. त्यामुळे मूळ रूप म्हणजे काय हे सगळ्यांनाच अचानक महत्त्वाचं वाटायला लागलं. याचा एक वाईट भाग पण आहे, "जरा नंबर घासून कागदावरचा मारून द्या ना" म्हणणारे भेटतात. त्यांना चहा पाजून परत पाठवतो. ते काम आम्ही करत नाही, कितीही ओळखीचा असला तरी. आणि ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग फेस करायचा, म्हणजे मशिनवर कापून सपाट करायचा असला आणि पंचचा नंबर नेमका तिथंच असला तर आधी मालकाला दाखवतो, फोटो घेतो, कागदावर पेन्सिलने ठसा घेतो, सही घेतो, मगच मशिन चालू.

आता ओळख पटवायचे वेगळे पैसे घेतो, काम आमच्याकडं केलं तर बिलातून वजा. सुरुवातीला लोक कुरकुरले, "नुसतं बघायचे पैसे?" म्हणून. बघायलाच तर अर्धा दिवस जातो हो, कॉस्टिकचा गॅस, माणूस, आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या सगळ्या वह्या उलट्यापालट्या करणं. अण्णांच्या काळापासून आलेल्या प्रत्येक ब्लॉकचे नंबर, माप आणि कुठल्या गाडीतून निघाला हे त्या वह्यांत आहे, माझी मुलगी आता ते सगळं कॉम्प्युटरवर चढवतेय, फोटोसकट. तिला हा धंदा करायचाय की नाही हे ती अजून बोलत नाही, मी पण विचारत नाही.

ज्यांना ब्लॉक दाखवायचाय त्यांनी एवढं करा, घरी ग्राइंडरला चकती लावून घासू नका, उठावदार आकडे एका मिनिटात सपाट होतात आणि मग कुणाच्याच हातात काही राहत नाही. रॉकेल आणि तारेचा ब्रश पुरे. दोन्ही बाजूंचे, मागच्या बेल हाउसिंगकडचे आणि स्टार्टरच्या आसपासचे फोटो काढा, बॅटरी आडवी धरून, एकदा खडू मारून आणि एकदा बिनखडूचे. क्रँक असेल तर सोबत आणा, निदान एक रॉड तरी. आणि येणार असाल तर गुरुवार सोडून या, गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, शेडला कुलूप दिसेल.