लिफ्ट केली म्हणजे टायर बसतोच असं नाही

मित्राच्या टोयोटा टॅकोमा पिकअपला तीन इंचांची लिफ्ट आधीच होती, म्हणजे गाडी तेवढी उंच केलेली. आज डेन्व्हरजवळच्या त्याच्या गॅरेजमध्ये तिला मोठे टायर चढवले. मूळचे २६५/७० आर१६ मापाचे, नवे २८५/७० आर१७. व्यास साधारण ३०.६ इंचांवरून ३२.७ वर गेला. ऐकायला दोनच इंच!

गाडी उचलली की जागा आपोआप होते, ही समजूत जॅक काढल्यावर पहिल्याच वळणाला गेली. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की टायर मागे केबिनच्या माउंटला, म्हणजे केबिन चासीला जोडणाऱ्या आधाराला घासायचा. लिफ्टमुळे जागा मिळते ती वरच्या बाजूला, इथे अडचण मागची. त्यात नव्या रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या भागाचं अंतर) कमी. चाक आणखी बाहेर आलेलं, म्हणून वळताना घेरही मोठा. हीट गनने फेंडर लायनर (चाकाभोवतीचं प्लास्टिकचं अस्तर) तापवून मागे दाबला, बंपरचा प्लास्टिकचा कोपरा कापला. हा पठ्ठ्या तर ग्राइंडर घेऊन माउंटच उडवायला निघाला होता! म्हटलं, थांब बाबा, आधी अलाइनमेंटमध्ये कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) वाढवून घे, चाक थोडं पुढे येईल. मग बघू कापाकापीचं.

स्पीडोमीटरही आता कमी दाखवणार. काटा ६० मैलांवर तेव्हा गाडी खरी ६४ वर. पोलिसाला हे गणित कोण समजावणार?

दिसते मात्र झकास, मान्य करावंच लागेल. वहिनींनी फेरी मारून गाडी पाहिली आणि एवढंच विचारलं, "आता आईंना यात चढवायचं कसं?" साहेब सध्या फोनवर साइड स्टेप शोधतायत.