नुसत्या मिठातला सॅल्मन

गुरुवार, रात्री

रात्रीचे दहा वाजून गेले तरी बाहेर उजेड आहे. नॉर्वेतल्या स्टाव्हांगरचा जून असाच असतो. झोप येत नाही, त्याला कारण मात्र वेगळं आहे.

मावशी व्हिडिओ कॉलवर हसली आणि म्हणाली, “नुसत्या मिठात? तू आता तिकडचीच झालीस गो.” एवढंच. मग तिने डोंबिवलीच्या पावसाचा विषय काढला. नीरज म्हणतो, यात लागण्यासारखं काय आहे? त्याला नाही कळायचं.

मासा इतका सुरेख झाला होता म्हणून तर फोन तव्यावर धरला होता. कातडं कागदाने टिपून कोरडंठाक केलं, मीठ लावलं, बिडाच्या तव्यावर चमचाभर तेल आणि कातड्याची बाजू खाली. पहिले काही क्षण कालथ्याने दाबून धरावं लागतं, नाहीतर तुकडा आक्रसून वाकतो. मग हात लावायचा नाही. कडेने बघत राहायचं. गडद केशरी रंग खालून वर फिका होत चढतो. दोनतृतीयांश चढला की उलटायचा, मिनिटाच्या आत उतरवायचा. सालीचा कड् आवाज फोनवर तिलासुद्धा ऐकू गेला असेल.

हळद-तिखट मी मुद्दामच लावत नाही. सुरमईची गोष्ट निराळी, तिची आडवी तुकडी रव्यात घोळवली की आत मऊ राहते. सॅल्मनला स्वतःचंच इतकं तेल सुटतं की रवा ते पिऊन बसतो. शिवाय कातडं कुरकुरीत व्हायला एकाच बाजूवर सहा-सात मिनिटं लागतात, तेवढ्यात तिखट करपून कडू होतं. हे सगळं तिला सांगता आलं असतं. तिने विचारलंच नाही.

इथले बहुतेक सॅल्मन समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यांत वाढतात. त्यांचा रंगसुद्धा खाद्यात घातलेल्या अ‍ॅस्टाझँथिन नावाच्या रंगद्रव्यामुळे येतो, ते नसेल तर मांस फिकट राहतं. मोकळ्या समुद्रातल्या सॅल्मनला तोच रंग कोळंबीच्या जातीचे बारके जीव खाऊन मिळतो. जे खाईल तसा तो होतो. भांडी घासताना हे आठवलं आणि रडूच आलं.

पण ‘तिकडची’ म्हणाली हे एक वेळ सोडून देईन. ती रागावली नाही, ते बोचतंय. बांगड्याला पाडलेल्या चिरा मनासारख्या नव्हत्या म्हणून हातातली सुरी काढून घेणारी बाई ती. पापलेटला कोकमाचं आगळ कमी पडलं तर दोन दिवस बोलायची. आज मासा हळदीशिवाय तव्यावर पडलेला पाहिला आणि हसली. परक्याच्या घरी जेवायला गेल्यावर आपण असंच हसून घेतो. परक्याला कोण रागावतं? आई असती तर तिनेच मावशीला... जाऊ दे.

रागवायला हवं होतं तिने.

आता लिहिता लिहिता वाटतंय, तिकडे रात्रीचे साडेनऊ झाले होते. गुडघे ठणकत असतील. आणि तिला दिसला तो फक्त तवा. शेजारी भात होता, सोलकढी होती, ती फोनमध्ये आलीच नाही. तिकडची झाले असेन तर असेन. इतकी वर्षं ज्या किनाऱ्यावर राहते तिथला मासा नीट करायला शिकले, त्याची मला लाज नाही वाटत.

शेपटीकडचा पातळ तुकडा फ्रीजमध्ये शिल्लक आहे. तो पटकन होतो, जरा दुर्लक्ष झालं की कोरडा पडतो. उद्या तिच्या संध्याकाळच्या चहाच्या वेळी फोन लावीन आणि तव्यावर टाकायच्या आधी विचारीन, “मावशी, हळद लावू?” ती काय म्हणेल ते मला पाठ आहे. मी लावणार नाही, आणि मग आमची चांगली जुंपेल.