पोत्सुओलीचे तीन खांब आणि श्वास घेणारी जमीन
इटलीतील नेपल्सच्या मोंतेसान्तो स्थानकावरून कुमाना रेल्वेने पोत्सुओली या ज्वालामुखी क्षेत्रात वसलेल्या शहरात उतरले की रोमन बाजारपेठेचे अवशेष चालत गाठता येतात. तिथल्या तीन संगमरवरी खांबांसाठीच मी हा प्रवास केला. तळापासून सुमारे साडेतीन मीटर खांब गुळगुळीत आहेत. त्यावरचा पावणेतीन मीटरांचा पट्टा मात्र दगड पोखरणाऱ्या शिंपल्यांनी चाळणीसारखा करून टाकला आहे. हे शिंपले समुद्राच्या पाण्यातच जगतात, म्हणजे कोरड्या जमिनीवर उभारलेले खांब पुढे तेवढे बुडाले, तळाचा भाग गाळात पुरल्यामुळे वाचला आणि नंतर सगळेच पुन्हा वर आले.

बंदरावर ताजा पुरावा आहे. 1982 ते 1984 या काळात इथली जमीन सुमारे 1.8 मीटर उचलली गेली आणि जुना धक्का बोटींसाठी फार उंच ठरला. तो फुगवटा उद्रेकाविना काही अंशी ओसरला. 1538 मध्ये मात्र जमीन वर आल्यानंतर मोंते नुओवो ही टेकडी ज्वालामुखीच्या उद्रेकातून उभी राहिली. जमीन किती वर आली एवढ्यावरून धोका ओळखता येत नाही, तर ती कोणत्या वेगाने आणि कोणत्या आकारात फुगते हे पाहावे लागते, ही गोष्ट मला इथे उभे राहूनच खऱ्या अर्थाने पटली.

खांब एकाच ठिकाणचा इतिहास सांगतात. जीपीएस केंद्रे रोजची हालचाल मिलिमीटरांत टिपतात, तर कलमापक एक किलोमीटर अंतरावर एक मिलिमीटर चढ झाला तरी ओळखतात. सेंटिनेल-1 उपग्रहाच्या दोन वेळच्या रडार-चित्रांच्या तुलनेत रंगांचे एक पूर्ण आवर्तन म्हणजे उपग्रहाच्या दृष्टिरेषेत सुमारे 2.8 सेंटिमीटरची हालचाल. फुगवटा शहराभोवती सर्वाधिक असून दूर जाताना ओसरतो, आणि त्याच्या रुंदीवरूनच जमिनीखाली दाब जिथून येतो त्या जागेच्या खोलीचा अंदाज बांधता येतो.

जाणाऱ्यांनी 1841 मध्ये स्थापन झालेल्या आणि या भागावरही लक्ष ठेवणाऱ्या व्हेसुव्हियस वेधशाळेचे साप्ताहिक निवेदन आधी वाचावे आणि त्यात एकूण उंचीपेक्षा मासिक वेग पाहावा. इथला ज्वालामुखीचा इशारा 2012 पासून पिवळ्या, म्हणजे सावधगिरीच्या, पातळीवर आहे आणि मे 2024 मध्ये 4.4 तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला होता. धक्क्यानंतर रेल्वे थांबू शकते, म्हणून परतीला मोकळा वेळ ठेवावा. सोल्फातारा हे वाफा सोडणारे ज्वालामुखी विवर 2017 पासून बंद असल्याने त्याच्या भरवशावर दिवस आखू नये. अवशेष रस्त्याच्या कठड्यावरूनही दिसतात, पण दुर्बीण जरूर न्यावी आणि ऊन तिरपे असताना जावे, कारण तेव्हा छिद्रांच्या कडांवर सावली धरते आणि समुद्र कुठवर चढला होता ती रेषा स्पष्ट उठून दिसते.