शिबिराच्या आधीचे पंधरा दिवस

एप्रिल लागला की सांगलीत विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत उन्हाळी शिबिरांचे फलक दिसायला लागतात. तीन ते पाच वर्षांच्या मुलांची शिबिरं बहुतेक सकाळी दोन-तीन तासांची, दहा-पंधरा दिवस चालणारी. फी भरली की आईवडील थेट दुकान गाठतात: कार्टूनची बॅग, नवी बाटली, नवे बूट. खरेदी शेवटच्या दोन दिवसांतही उरकते. वेळ लागतो तो शू लागल्याचं सांगायला, बाटलीतून पाणी प्यायला, डबा आपला आपण उघडायला आणि घरचं माणूस दारात सोडून गेलं तरी तग धरायला. ही तयारी पंधरा दिवस आधी सुरू करावी.

सगळ्यात आधी शी-शू. घरात मूल 'आई, शू' म्हणतं, आई उचलून नेते. शिबिरात ताईंसमोर दहा-बारा मुलं असतात आणि त्या गाणं शिकवत असतात. तिथे उठून सांगावं लागतं. त्यात घरोघरचे शब्द वेगळे. कुठे शू, कुठे सू, कुठे 'एक नंबर', तर कुठे मूल नुसतं चड्डी धरून उभं राहतं. मिरज-जतकडच्या कितीतरी घरांत कानडी बोलतात; मूल 'नीरु' मागेल आणि कानडी न येणाऱ्या ताईंना ते पाणी मागतंय हे कळणारच नाही. म्हणून पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर चार शब्द लिहून द्यावेत: पाणी, शू, शी आणि दुखतंय यांना घरात काय म्हणतात ते. ताईंना याचा भारी उपयोग होतो आणि लिहून द्यायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

शिबिराचं स्वच्छतागृह आधी जाऊन बघावं आणि मुलालाही दाखवावं. घरी कमोडवर छोटी सीट लावून बसणारं मूल भारतीय पद्धतीच्या भांड्यावर बसायला घाबरतं, कारण खाली भोक दिसतं आणि पाय घसरेल असं वाटतं. मग ते दाबून धरतं. दोन-तीन दिवस शी दाबली की खडा धरतो, करताना दुखतं, आणि दुखतं म्हणून ते आणखी दाबतं. त्या भांड्याची सवय आजोळी, शेजारी, मिळेल तिथे आठ-दहा दिवस आधी करून घ्यावी. चड्डी-पँट इलॅस्टिकची हवी. हूक, चेन, पट्टा, जीन्स यातलं काही नको. तीन वर्षांच्या बोटांना बटण काढेपर्यंत उशीर झालेला असतो. घरून निघताना एकदा, डब्याच्या सुट्टीत एकदा आणि सुटताना एकदा, लागली नसली तरी नेऊन आणा असं ताईंना सांगून ठेवावं. बॅगेत कपड्यांचा एक जादा जोड आणि ओले कपडे ठेवायला एक पिशवी असू द्यावी. पाण्याचे खेळ असतील त्या दिवशी दोन जोड. पाण्याच्या खेळाला टब किती खोल आणि पूर्णवेळ त्याच्याशेजारी कोण उभं असतं, हे मात्र स्पष्ट विचारावं. वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, आणि बुडताना ते ओरडत नाही.

आता डबा. मुलाने डबा परत आणला की 'खातच नाही' असं घरात ठरून जातं. पुष्कळदा त्याला तो उघडताच आलेला नसतो. गरम पोळी घट्ट झाकणाच्या डब्यात भरली की आतली वाफ निवताना आकसते आणि झाकण आत ओढलं जातं. मोठ्यांनाही ते चिमटीने उचकटावं लागतं, तिथे साडेतीन वर्षांचं मूल काय करणार? शिवाय त्याच वाफेचं पाणी पोळीवर पडतं, ती लिबलिबीत होते आणि उन्हाळ्यात लवकर आंबते. खाऊ ताटात दहा-पंधरा मिनिटं निवू द्यावा, मगच भरावा. डबा एका क्लिपचा किंवा सैल झाकणाचा घ्यावा. रोजचा घरचा नाश्ता आठवडाभर त्याच डब्यातून द्यावा आणि उघडणं, खाणं, पुन्हा बंद करणं सगळं मुलाकडून करून घ्यावं. सुट्टी पंधरा-वीस मिनिटांची असते. तेवढ्यात संपेल इतकंच भरावं. तूप-गूळ लावलेल्या एका पोळीची गुंडाळी चार तुकडे करून, दोन लहान इडल्या, अर्धं थालीपीठ किंवा दशमी. एवढं पुरतं.

काय देऊ नये ते सांगलीकरांना जरा कडू वाटेल. भडंग नको: तिखट असतं ते एक, पण त्यातले अख्खे शेंगदाणे हा खरा धोका. दाणे, फुटाणे आणि अख्खी द्राक्षं ही लहान मुलांच्या घशात अडकणारी नेहमीची मंडळी आहेत. या वयात मागच्या दाढा नीट चावत नाहीत, आणि खाता खाता हसणं-पळणं चालूच असतं. तासगावची द्राक्षं एप्रिलमध्येही घरात असतात. द्यायचीच असली तर प्रत्येक द्राक्ष उभं चार भागांत कापून, तेही घरी बसवून. दाण्याचं कूट चालतं, मात्र घरी आधी खाऊन सोसलेलं असावं. दहीभात, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि कापलेलं कलिंगड या उन्हात तीन तास बॅगेत टिकवायच्या भानगडीत पडू नये.

बाटली चारशे-पाचशे मिलीची, मुलाला एका हाताने उचलता येईल अशी. नळीच्या बाटलीची नळी आतून बुळबुळीत होते, ती रोज लहान ब्रशने घासावी लागते; ते जमणार नसेल तर साध्या तोंडाची घ्यावी. बाटली गळते त्याचं कारण पुष्कळदा झाकणातला रबराचा वायसर धुताना काढून ओट्यावर राहिलेला असतो. 'पाणी पी' म्हटल्याशिवाय ही मुलं पीत नाहीत, म्हणून घरी घड्याळाच्या ठोक्याला चार घोट ही सवय लावावी. शू गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. सरबत, पन्हं घरी आल्यावर द्यावं. बाटलीत गोड भरलं की मूल साधं पाणी पीत नाही. ओआरएसचं मोठं पाकीट जुलाब-उलट्यांसाठी असतं आणि ते अख्खं एक लिटर पाण्यातच कालवायचं. पेल्यात अंदाजाने चिमूट-चिमूट घातलं तर दाट होऊन जुलाब वाढू शकतात.

उन्हाचं म्हणाल तर शिबिर किती वाजता सुटतं हे फीइतकंच महत्त्वाचं. मे महिन्यात सांगलीत पारा चाळिशीच्या आसपास जातो. साताऱ्यात थोडा कमी, पण दुपारचं ऊन तिथेही सोडत नाही. अकरा-साडेअकरापर्यंत सुटणारं शिबिर बरं. संध्याकाळची वेळ घेतली असेल तर वळीव आला, विजा कडाडू लागल्या की मैदानातली मुलं कुठे नेतात, हे विचारावं. झाडाखाली हे उत्तर नको. स्कूटरवर पुढे उभं करून आजोबा सोडायला जातात, हे गावात रोजचंच. 2023 पासून चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाशी बांधणारा पट्टा बंधनकारक आहे, वेगही ताशी 40 किलोमीटरच्या आत. हेल्मेटची सवयही आधीच करावी लागते, नाहीतर पहिल्या दिवशी रडण्याची सुरुवात तिथूनच होते.

झोप रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आणत जावी. या वयाला दुपारची धरून दहा ते तेरा तास लागतात. रात्री अकराला झोपलेलं मूल नऊ वाजता गाणी म्हणणार नाही.

निरोपाचा सरावही असाच थोडा थोडा. आमराईत आत्याजवळ पंधरा मिनिटं, मग शेजारच्या काकूंकडे अर्धा तास, मग एक तास. जाताना सांगून जायचं, ठरलेल्या वेळी परत यायचं. लक्ष नाही बघून सटकणं हा सगळ्यात वाईट उपाय. त्यानंतर मूल खेळ सोडून दाराकडे बघत बसतं. 'आत्ता येते' असं खोटं सांगू नये. घड्याळ त्याला कळत नाही, क्रम कळतो: 'डबा खाल्लास, गोष्ट झाली, की आजी न्यायला येईल.' मग आजीच यायला हवी; ऐनवेळी काका गेले तर ताईंनी मूल त्यांच्या हाती न देणं योग्यच आहे. आणि घरातलं ते 'जेवला नाहीस तर ताईंना सांगेन' निदान हे पंधरा दिवस बंद ठेवावं. ज्यांचा धाक घातला त्यांच्याच मांडीवर त्याला बसायचंय.

पहिल्या दिवशी हसत गेलेलं मूल तिसऱ्या दिवशी दाराला लोंबकळतं. पहिल्यांदा सगळं नवं असतं. तिसऱ्या दिवशी त्याला कळतं की हे रोजचंच आहे. सोमवारीही तसंच होतं. एक पापी, ठरलेलं एक वाक्य, आणि निघायचं. दारात रेंगाळलं की रडणं लांबतं. वीस मिनिटांनंतरही रडं थांबलं नाही तर फोन करा, असं ताईंना सांगून जावं. ताप आला असेल तर औषध पाजून पाठवू नये. औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप नसला की मगच.

परत आल्यावर 'काय शिकलास?' विचारलं तर 'काही नाही' एवढंच मिळतं. त्यापेक्षा 'आज तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?' विचारून बघा. तोवर बाटली रिकामी करून वायसर काढा, धुवा आणि आठवणीने परत बसवा.