सासणचा परवाना आणि आत्याचं नाव

डिसेंबरात आम्ही घरातले पाच जण बडोद्याहून गीरला जाऊन आलो. सिंह दिसेल का, ही धाकधूक नंतरची. आधी जंगलात शिरायच्या परवान्यानेच घाम काढला, आणि चूक सर्वस्वी माझी.

गीर 16 जून ते 15 ऑक्टोबर बंद असतं. बाकीच्या दिवसांत परवाना वन विभागाच्या संकेतस्थळावर काढायचा: एक जीप, जास्तीत जास्त सहा मोठी माणसं. सकाळी दोन फेऱ्या, दुपारी एक, प्रत्येक साधारण तीन तासांची. जंगलातला कुठला रस्ता वाट्याला येईल ते आपल्या हातात नाही. शनिवार-रविवारी दर चढा, आणि गाईड-जीपचे पैसे वेगळे. प्रत्येकाचं नाव, वय, ओळखपत्राचा नंबर भरायचा आणि तेच मूळ ओळखपत्र घेऊन जायचं.

आत्याने आधारचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. नंबर मी त्यावरून उतरवला, नाव मात्र डोक्यातून टाकलं. लग्नात तिचं नाव बदललं त्याला पन्नास वर्षं होतील, पण डांडिया बाजारातल्या आमच्या घरात ती अजून माहेरच्याच नावाने. आडनावसुद्धा मी आमचंच ठोकून दिलं! पैसे गेले, परवाना आला, कोणी वाचलाही नाही.

सासणला, म्हणजे गीरच्या दाराशी असलेल्या गावी, रात्री जेवण झाल्यावर आत्याने चष्मा लावून तो हातात घेतला. "अरे, ही कोण? हिला तर तुझ्या आजोबांनी केव्हाच सासरी पाठवली."

मला झोप लागली नाही. पहाटे खिडकीपाशी हुडहुडी भरलेली रांग. आतल्या माणसाने आधार पाहिलं, कागद पाहिला, मग आत्याला पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "भाई, ए मारुं पियरनुं नाम छे." नंबर आणि वय जुळत होतं, म्हणून त्यांनी अर्ज लिहून मागितला. आत्याने तो झोकदार गुजरातीत लिहिला आणि खाली दोन्ही नावांनी सही केली. आमचं निभावलं, पण यावर विसंबून कोणी जाऊ नका. त्या खिडकीवर दुसऱ्या दिवशी दुसरं कोणी असेल.

आत वाळक्या सागाचं रान. गाईडने जीप थांबवायला सांगितली, इंजिन बंद. पाच मिनिटं मला पाचोळ्याशिवाय काही दिसेना. मग त्याच पाचोळ्यात एक कान हलला, माशी उडवायला. सिंहीण पंधरा पावलांवर होती आणि तिने एकदाही मान वर केली नाही. 2025च्या गणतीत गुजरातेत 891 सिंह निघाले. आमच्या वाट्याला एकीचा कान आणि पाठ. आत्या पुटपुटली, "आपल्या बडोद्याच्या कमाटी बागेतला पिंजऱ्यातला निदान तोंड तरी दाखवतो."

दुपारी देवळियाला जायचा बेत होता. तिथे कुंपणाच्या आत सिंह बहुतेक दिसतोच, त्यामुळे लहान मुलं असतील तर ते बरं. पण वार निघाला बुधवार, आणि बुधवारी देवळिया बंद.

परतीच्या गाडीत आत्याने परवाना मागून घेतला आणि चौघडी करून आधारच्या मागे सरकवला. शाळेच्या दाखल्यानंतर माहेरच्या नावाचा तिच्याकडचा हा दुसरा कागद.